क्रोशाचं छोटं ऑनलाइन दुकान आहे, महिन्याला तीनच हजार आहेत, प्रसिद्धी कशी करू?

धागादोरा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी वारज्यात राहते, क्रोशाचं काम करते. आईकडून शिकले, आधी घरच्यांसाठीच करायचे, मग ओळखीतल्या एकीच्या नातीला टोपडं, स्वेटर, पायमोजे असा बाळंतविडा करून दिला, तिथून लोक विचारायला लागले आणि गेल्या वर्षी इन्स्टावर पेज काढलं. आता १४ महिने झाले. बाळंतविडे, दाराची तोरणं, आणि उरलेल्या धाग्याच्या छोट्या रांगोळ्या, समईभोवती ठेवायच्या, एवढंच करते. सगळं सुती धाग्यात, लोकर बाळाला टोचते म्हणून मुद्दाम.

पेजवर ६४० जण आहेत. ऑर्डर महिन्याला दोन, फार तर तीन. दिवाळीत ११ तोरणं गेली, तेवढाच काय तो चांगला महिना. काम वाईट नाहीये हो, ज्यांनी घेतलं त्यातल्या बऱ्याच जणींनी फोन करून सांगितलं की धुतल्यावरही आकार तसाच राहिला. पण लोकांपर्यंत पोचतच नाहीये.

आतापर्यंत काय केलं ते सांगते. एक पोस्ट १५०० रुपये घालून बूस्ट केली, २१२ लाइक आले, ऑर्डर एकही नाही. एका सोसायटीच्या प्रदर्शनात २५०० देऊन टेबल घेतलं, दोन दिवसांत १९०० ची विक्री झाली, तीही बहुतेक रांगोळ्यांचीच. बाळंतविडे सगळ्यांनी हातात घेऊन बघितले, किती छान किती छान म्हणाले आणि ठेवून दिले. त्या दिवशी सामान गाडीवर बांधून घरी येताना खरंच रडू आलं.

आता घरखर्चातून महिन्याला तीन हजार बाजूला काढलेत, संक्रांतीपर्यंतचे. ते कुठे घालू? अजून जाहिराती करू, का वेबसाइट करून घेऊ (एकाने १८ हजार सांगितलेत), का मोठ्या ऑनलाइन बाजारात दुकान उघडू? बाळंतविडा १४५० ला देते, कुरिअर त्यातच. एकाला साधारण १४ तास लागतात. प्लीज जरा नीट सांगा, उगाच धीर देऊ नका.


गोधडीवाली
धागादोरा, वाचून माझीच सुरुवात आठवली. मी कर्वेनगरला असते, गोधड्या शिवते, सहावं वर्ष आहे. वेबसाइटचे १८ हजार आत्ता अजिबात देऊ नकोस, हे पहिलं. महिन्याला तीन ऑर्डर असताना वेबसाइटवर येणार कोण, तिथेही माणसं तुलाच आणायची आहेत ना.

आता मला सांग, बाळंतविडा विकत घेतं कोण? बाळाची आई नाही घेत. घेते ती आजी, आत्या, मावशी, नाहीतर ऑफिसातल्या पाच जणी वर्गणी काढून. आणि त्यातल्या आज्या आणि आत्या इन्स्टावर कमी, व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळ-संध्याकाळ असतात. माझ्या गोधड्यांचंही तेच झालं, दोन वर्षं इन्स्टावर फोटो टाकत बसले आणि ऑर्डरी आल्या त्या भिशीच्या ग्रुपमधून.

तर आधी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाकून घे, फुकट आहे. त्यात कॅटलॉग करता येतो, ५०० पर्यंत वस्तू बसतात, तुला दहाच पुरतील. प्रत्येक वस्तूला फोटो, किंमत, किती दिवसांत मिळेल हे लिही. किंमत लिहीच, "किमतीसाठी मेसेज करा" हे अजिबात नको, निम्म्या बायका तिथेच सोडून देतात, विचारून मग नाही म्हणायला कसंतरी वाटतं म्हणून. मी स्वतः तशीच आहे.

मग आजपर्यंत ज्यांनी ज्यांनी घेतलंय त्यांची यादी काढ, वहीतून, जीपेच्या हिस्टरीतून, जिथून मिळेल तिथून. त्यांना एकेकीला फोन कर. मेसेज नाही, फोन. विकायला नाही करायचा, "बाळ कसं आहे, टोपडं बसतंय का अजून" एवढंच विचारायला, आणि बोलता बोलता सांगायचं की मी आता नंबर बदलून दुकानाचा केलाय, सेव्ह करून ठेवा. हे सेव्ह करणं फार महत्त्वाचं आहे बरं का, कारण ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो ती यादी) २५६ जण टाकता येतात पण ज्यांच्याकडे आपला नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. मला हे दीड वर्षांनी कळलं, तोपर्यंत मी आपली दर सणाला मेसेज पाठवत होते आणि तो कुणाला दिसतच नव्हता.

आणि फोटो. तुझे फोटो बघितले नाहीत पण प्रदर्शनात हातात घेऊन ठेवून दिलं म्हणतेस त्यावरून एक अंदाज. सपाट घडी घातलेलं टोपडं फडक्यासारखं दिसतं. मी एकीला सांगितलं होतं की सोललेला नारळ घे, चांगला गोल बघून, त्याला पांढरा रुमाल गुंडाळ आणि त्यावर टोपडं चढव. नवजात बाळाचं डोकं असतं साधारण ३५ सेंटिमीटर घेराचं, मोठा नारळ जवळपास तेवढाच भरतो. टोपडं असं काही उभं राहतं की बघणाऱ्याला आत बाळच दिसतं. सकाळी आठ-साडेआठला पूर्वेच्या खिडकीशी, लाइट बंद, फ्लॅश बंद, खाली पांढरा कार्डशीट आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला एक थर्माकोलचा तुकडा उभा धरायचा म्हणजे सावली मऊ होते. कार्डशीट आणि थर्माकोल मिळून शंभराच्या आत होतं. एक फोटो टाक्याचा अगदी जवळून घे, खांब, म्हणजे उभे टाके, मोजता येतील इतका. हाताचं काम आहे हे सांगावं लागत नाही मग.


हिशोबवही
गोधडीवाली ताईंचं सगळं बरोबर आहे, पण प्रसिद्धीच्या आधी एक गणित करू. माझी बायको खणाच्या पर्स शिवते, हिशोब मी ठेवतो, त्यामुळे मला आधी आकडे दिसतात, राग मानू नका.

१४५० चा बाळंतविडा. चांगला सुती धागा धरू ३८०, बटणं-रिबीन ४०, खोकं आणि कागद ६०, कुरिअर ९०. झाले ५७०. उरले ८८०. ते १४ तासांनी भागा, तासाला ६३ रुपये सुद्धा पडत नाहीत पुरते. यात फोटो काढणं, फोनवर बोलणं, धागा आणायला रविवार पेठेत जाणं-येणं काहीच धरलेलं नाही. आता समजा तुमची जाहिरात जोरात चालली आणि महिन्याला दहा ऑर्डर आल्या. म्हणजे १४० तास विणकाम. रोज पावणेपाच तास, रविवार धरून. डोळे आणि मनगट दोन्ही जातील आणि हातात येतील ८८००, त्यातून जाहिरातीचे तीन हजार वजा.

म्हणून माझं स्पष्ट मत, बाळंतविड्याची किंमत आधी १९५० करा. लोक घेणार नाहीत असं वाटेल, वाटू दे. जी आजी नातवासाठी हाताने विणलेलं शोधतेय ती पाचशे रुपयांसाठी थांबत नाही, आणि जिला चारशे-पाचशेत हवंय ती १४५० लाही घेणार नाहीये, तिच्यासाठी मशिनवरचे सेट दुकानात लटकलेत. १९५० ला तासाचे ९८-९९ रुपये पडतात. तेही फार नाहीत.

आता रांगोळी बघा. तुम्ही लिहिलंय उरलेल्या धाग्याची. एक करायला किती वेळ लागतो? अर्धा-पाऊण तास धरला, ३५ मिनिटं म्हणू, धागा १२ रुपयांचा, कागदी पाकीट ५ रुपये, आणि विकली ९० ला, तर ७३ रुपये राहतात ३५ मिनिटांचे. म्हणजे तासाला सव्वाशे. तुमच्या बाळंतविड्याच्या दुप्पट! आणि प्रदर्शनात गेल्या त्या रांगोळ्याच ना? गिऱ्हाइकाने तुम्हाला उत्तर दिलंय, तुम्ही ते विक्री कमी झाली म्हणून वाचलंत.

संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू. प्रत्येक घरी २५-३०-५० वाणं लागतात, आणि दर वर्षी तेच प्लास्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या देऊन बायका कंटाळल्यात. क्रोशाची रांगोळी वाण म्हणून ठेवा. एक नग ९०, २५ च्या वर ८०, ५० च्या वर ७५, याच्या खाली येऊ नका. एका फोनवर ५० नग जातात, तिथे एकेक गिऱ्हाईक शोधायला जाहिरात लागत नाही. फक्त वेळ पाळा, वाणाची खरेदी डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत ठरते, दहा जानेवारीला कुणी तुमची वाट बघत नाही.

जाहिरातींबद्दल एकच, त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. तीन हजार भरलेत तर प्रत्यक्ष जाहिरात साधारण २५४० ची होते. अजून एक, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत असते. सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या खासगी साइटी पैसे मागतात, तिथे भरू नका. जीएसटी नंबरची तुम्हाला आत्ता गरज नाही, वस्तू विकणाऱ्यांना महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत लागत नाही, मात्र परराज्यात पाठवणार असाल तर वेगळे नियम लागतात, हाताने बनवलेल्या ठरावीक वस्तूंना सूट आहे पण त्या यादीत आपली वस्तू बसते का हे एकदा सीएला विचारून घ्या.


मातीकाम
मी जरा वेगळं बोलते. इन्स्टा सोडू नकोस ग. माझे मातीचे दागिने ७० टक्के तिथूनच जातात, पण मी लाइकसाठी काही टाकत नाही आता.

तुझ्या बूस्टचं काय झालं असेल ते सांगते, कारण मीही हेच केलंय. बूस्ट करताना विचारतात तुम्हाला काय हवंय, प्रोफाइलवर लोक का वेबसाइटवर का मेसेज. आपण घाईत पहिलं निवडतो आणि एरिया सगळा भारत ठेवतो. मग ते त्यांचं काम चोख करतात, ज्यांना लाइक करायची सवय आहे अशा लोकांना दाखवतात. आपल्याला हवी होती कोथरूडची आजी आणि पोस्ट बघितली कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजच्या पोरांनी. पुढच्या वेळी मेसेज निवड, शहर पुणे आणि आजूबाजूचा भाग, वय तीसच्या पुढे, बायका. आणि नवीन पोस्टवर पैसे घालायचेच नाहीत. जी पोस्ट फुकटात आपोआप चालली, जिच्यावर लोकांनी "किती?" विचारलं, फक्त तिलाच, रोज दीडशे असे पाच दिवस. ७५० रुपयांत कळतं. पाच दिवसांत पाच मेसेजही आले नाहीत तर बंद, अजून थोडे घालून बघू असं म्हणायचं नाही.

रील कसली करायची? करताना दाखव. पहिली साखळी, मग गोल जोडला, मग खांब चढत गेले आणि शेवटी रांगोळी समईभोवती ठेवली, एवढंच, ३०-४० सेकंदांत. तोंड दाखवायची गरज नाही, हात दिसले पाहिजेत. आवाज मराठीतच ठेव, घरी बोलतेस तसा. मी आधी हिंदी-इंग्रजीत लिहायचे की जास्त लोक बघतील, बघायचे पण, पण घ्यायचं कोणी नाही. मराठीत बोलायला लागले तेव्हा निगडी, सातारा, नाशिक असे फोन यायला लागले. आणि प्रोफाइलमध्ये नावाच्या ओळीतच "क्रोशा बाळंतविडा पुणे" असं लिही, लोक शोधतात ते शब्द तिथे असले की सापडतेस. तुझं नुसतं इंग्रजी नाव असेल तर कोण शोधणार.

प्रदर्शनाचंही लगेच फुली मारू नकोस, फक्त पैसे भरायच्या आधी विचार, मागच्या वेळी किती लोक आले, क्रोशाची अजून किती टेबलं आहेत, आपली जागा दाराजवळ का आत कोपऱ्यात. मागच्या वर्षीच्या दोन स्टॉलवाल्यांचे नंबर मागायचे, आयोजक देत नसेल तर ते उत्तर समजायचं. भीमथडीसारख्या मोठ्या जत्रेत स्टॉल मिळाला तर उत्तमच पण ते आधीपासून अर्ज करून ठेवायचं काम आहे, या डिसेंबरला तू नुसती जाऊन ये, एक अख्खा दिवस, आणि लोक काय उचलतात, किती किमतीला उचलतात ते बघ. माझा सगळ्यात चांगला खर्च तोच होता, तिकीट आणि बसभाडं.

आणि टेबलवर माल मांडून बसू नकोस फक्त, ऑर्डरवही ठेव. बाळंतविडा कुणी तिथल्या तिथे घेत नाही, घरात बाळ यायचंय तेव्हा आठवतो. "कुणाकडे गोड बातमी आहे का?" हे विचार, नंबर लिहून घे, महिना लिहून घे. मी एकीला असं करताना बघितलं, तिच्या वहीत सहा महिन्यांचं काम होतं.


धागादोरा
अरे बापरे, एवढं सगळं! खूप खूप आभार सगळ्यांचे. हिशोबवही दादा, तुमचा तो ६३ चा आकडा वाचून मी वही बंद करून उठले, खरं सांगते. मग रात्री परत काढली आणि स्वतः केला हिशोब, माझा ५८ आला कारण माझा धागा ३८० चा नाही ४४० चा असतो. रांगोळीला बरोबर ३५-४० मिनिटं लागतात.

दोन गोष्टी अजून विचारायच्यात. एक म्हणजे एट्सी, हाताने केलेल्या वस्तूंचा तो परदेशी ऑनलाइन बाजार. मावसबहीण अमेरिकेत आहे, ती म्हणते तिकडे असल्या बाळंतविड्याला ४०-५० डॉलर सहज देतात, तिथे दुकान टाक. आणि दुसरं, लोकांकडे रिव्ह्यू मागायला मला फार संकोच होतो, म्हणजे पैसे देऊन घेतलंय त्यांनी, वर अजून आपलं कौतुक लिहा म्हणायचं? तुम्ही कसं करता?


सातासमुद्रापार
एट्सीचं मी सांगतो, आम्ही दोघं तिथे खणाची तोरणं आणि कंदील विकतो, चौथं वर्ष आहे.

दुकान उघडणं स्वस्त वाटतं. एक वस्तू लावायला ०.२० डॉलर, ती चार महिने राहते, विकली गेली की ६.५ टक्के त्यांचे, तेही पोस्टेजसकट रकमेवर, शिवाय पैसे घेण्याचे वेगळे आणि डॉलरचे रुपये होताना जातात ते वेगळे. ते स्वतःहून बाहेर जाहिराती पण करतात, त्या जाहिरातीतून गिऱ्हाईक आलं तर अजून १५ टक्के. छोट्या दुकानांना हे बंद करता येतं, सेटिंगमध्ये जाऊन पहिल्या दिवशी बंद करून टाका. आणि इथून माल बाहेर पाठवायचा म्हणजे आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी नंबर, काढावा लागतो.

पण ताई, तुमच्या बाबतीत खरी अडचण ही नाही. तुम्ही लहान बाळाचे कपडे करता. अमेरिकेत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या वस्तूंना सुरक्षेचा कडक कायदा आहे, कुठल्या मटेरियलला टेस्ट लागते कुठल्याला नाही, सर्टिफिकेट काय जोडायचं, लेबलवर काय लिहायचं हे सगळं विकणाऱ्याने बघायचं असतं. बटणं आणि गळ्याच्या नाड्या तर तिकडे फारच बारकाईने बघतात. युरोपात १३ डिसेंबर २०२४ पासून नियम आलाय की तिकडे जबाबदार म्हणून कुणाचं तरी नाव-पत्ता हवाच, आम्ही तर त्यानंतर युरोपला पाठवणंच बंद केलं. तीन हजारांत यातलं काहीही बसत नाही. मावसबहिणीला चार सेट भेट म्हणून पाठवा, तिच्या मैत्रिणींच्या इथल्या आयांना तुमचा नंबर जाऊ दे. पुण्यात बसलेली आजी अमेरिकेतल्या नातवासाठी इथेच पैसे देऊन घेते आणि स्वतःच्या बॅगेतून घेऊन जाते. आमच्या ओळखीत असं फार चालतं. तुमच्या फोटोखाली एवढंच लिहा, "परदेशी नेण्यासाठी हलकं, घडी करून २०० ग्रॅमच्या आत." वजन मात्र करून बघा आधी आणि खरं तेच लिहा.

आणि हो, इथेही बटणं दोनदा शिवा, ओढून बघा. बाळ तोंडात घालतं. शक्य असेल तर बटणाऐवजी क्रोशाचीच गाठ करा.


गोधडीवाली
रिव्ह्यूचं मी सांगते. कौतुक मागायचंच नाही, फोटो मागायचा. पार्सल पोचल्यावर आठ दिवसांनी मी लिहिते, "गोधडी पोचली ना? एक धुणं झालं की कशी राहिली ते कळवा, काही उसवलं तर मी नीट करून देईन." बस. यात मागणं काहीच नाही, उलट जबाबदारी आहे आपली. दहातल्या सहा-सात जणी उत्तर देतात आणि तीन-चार जणी आपणहून फोटो पाठवतात. मग विचारायचं, हा मी लावू का माझ्या स्टेटसला? बाळाचा चेहरा असेल तर विचारल्याशिवाय कधीच लावू नकोस, आणि हो म्हणाल्या तरी मी चेहरा कापूनच लावते.

एकदा माझ्या गोधडीचा रंग गेला होता, लाल. त्या बाईंनी फोटो पाठवला, शेजारची पांढरी चादर गुलाबी झालेली. मी दुसऱ्या दिवशी जाऊन गोधडी परत आणली, पैसे परत दिले आणि चादरीचेही विचारले, त्या नको म्हणाल्या. त्या बाईंनी त्यानंतर मला नऊ गिऱ्हाइकं दिलीत, नऊ. तेव्हापासून प्रत्येक लाल कापड मी मिठाच्या पाण्यात भिजवून, पांढऱ्या फडक्यावर घासून बघितल्याशिवाय कात्री लावत नाही. तुझ्या गडद रंगाच्या धाग्यांचंही करून बघ.

गूगलवर पण दुकानाचं नाव टाकून ठेव, गूगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात त्याला. ते निव्वळ ऑनलाइन दुकानांसाठी नाहीये, पण तू वारजे-कोथरूडला स्वतः नेऊन देतेस ना, मग चालतं. घरचा पत्ता लपवता येतो, फक्त भाग दाखवायचा. व्हिडिओ काढून दाखवावा लागतो कामाचा, दोन-चार दिवस जातात. पैसे लागत नाहीत. तिथे मात्र रिव्ह्यूची लिंक पाठवायला लाजू नकोस.


हिशोबवही
तीन हजारांचं माझं म्हणणं असं. ७५० मातीकाम ताई म्हणतात तशी एकच जाहिरात, रांगोळीच्या वाणाची, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. एक रबरी शिक्का करून घ्या दुकानाच्या नावाचा आणि नंबरचा, साध्या तपकिरी पाकिटावर मारायचा, छापील पाकिटांच्या नादी लागू नका. पाकिटं बोहरी आळीतून शेकड्याने घ्या. आणि उरलेले सगळे नमुन्यांवर. २० रांगोळ्या करा आणि २० अशा बायकांना द्या ज्यांच्याकडे मोठं हळदीकुंकू असतं किंवा ज्या महिला मंडळाचं बघतात. प्रत्येकीला एकच, पाकिटात घालून, दराचं कार्ड आत. फुकट वाटतोय असं वाटू देऊ नका, "वाणाचा नमुना" म्हणून द्या.


धागादोरा, ५ आठवड्यांनी
मंडळी, काय काय झालं ते सांगायला आले.

जुन्या गिऱ्हाइकांची यादी ३४ ची निघाली, मला वाटत होतं २० असतील. फोन केले, रोज चार-पाच, दुपारी. पहिल्या फोनला हात थरथरत होता. २७ जणी बोलल्या, आणि एकीने तर अर्धा तास. दोघींनी फोनवरच बाळंतविडे सांगितले, मी १९५० म्हटलं आणि गप्प बसले, दोघी फक्त "कधी मिळेल" म्हणाल्या. एकीने महाग आहे म्हणून सोडलं, ठीक आहे.

नारळाचा फोटो! गोधडीवाली ताई, तुमचे किती आभार मानू. खिडकीत नारळावर टोपडं चढवलं, नाडी हनुवटीखाली यावी तशी सैल बांधली, आणि सासूबाई मागून येऊन बघत राहिल्या, म्हणाल्या अगं हे तर बाळच बसलंय. तो फोटो स्टेटसला लावला, पाच जणींनी विचारलं.

जाहिरात केली ७५० ची, १३ मेसेज आले, त्यातल्या चौघींनी घेतलं. नमुने २० नाही १६ च झाले हातून. त्यातला एक मी सिंहगड रोडच्या एका मंडळातल्या काकूंना दिला होता, त्या दहा दिवस काही बोलल्याच नाहीत, मी सोडून दिलं होतं, आणि काल रात्री त्यांचा फोन आला, ६० रांगोळ्या हव्यात, लाल-पिवळ्या, १२ जानेवारीच्या आत. मी ७५ प्रमाणे ४५०० सांगितले, हो म्हणाल्या. लाल धागा मिठाच्या पाण्यात घालून बघितला, सुटत नाहीये रंग.

हिशोब केला, रोज चार केल्या तर १५ दिवस, जमतंय. शेजारची एक मुलगी क्रोशा शिकतेय, तिला साखळी आणि पहिला गोल करायला देईन, नगाला १५ रुपये, चालेल ना? आणि एक राहिलंच, एवढ्या मोठ्या ऑर्डरला आधी किती पैसे मागायचे? काकू ओळखीच्या आहेत म्हणून मला विचारताच आलं नाही.


हिशोबवही
निम्मे. धागा आणायच्या आधी. ओळखीच्या आहेत म्हणूनच आज फोन करा, "काकू, धागा एकाच रंगाचा एकदम आणावा लागतो, नंतर तोच रंग मिळत नाही, म्हणून निम्मे पाठवता का?" खरंच आहे ते. आणि त्या मुलीचे १५ नका करू, २० करा, तिचं नाव वहीत लिहा.


धागादोरा
केला फोन. २२५० आले, फोन ठेवायच्या आत. उद्या सकाळी रविवार पेठ.